मीं सही कां केली नाहीं

"शास्त्र कांहीं भिंतींत राहत नाहीं, प्रोफेसरसाहेब! यंत्रें उचलावीं, टेंपोंत घालावीं, नव्या जागीं मांडावीं. जुनी इमारत मग राहिली काय नि पडली काय!" हे उद्गार आमच्या एका स्नेह्यांचे. गृहस्थ सेवानिवृत्त एंजिनियर. उभें आयुष्य लोकांचे बांधकामाचे नकाशे मंजूर-नामंजूर करण्यांत गेलेलें. त्या दिवशीं त्यांच्या दिवाणखान्यांत एक तरुण वास्तुविशारद आले होते आणि त्यांच्या हातीं समुद्रकांठच्या एका जुन्या संशोधन-इमारतीचा नकाशा होता. इमारतीचें व गांवाचें नांव मी सांगत नाहीं. प्रकरण अद्याप निकालांत निघालेलें नाहीं. मालकी असलेल्या संस्थेनें इमारत अंशतः पाडण्याची परवानगी मागितली आहे, आणि त्या मागणीला सुशिक्षित नागरिकांचा पाठिंबा म्हणून एक निवेदन तयार होत होतें. वास्तुविशारद हे जुन्या वास्तूंविषयीं कळकळ बाळगणारे. त्यांनीं एंजिनियरसाहेबांना अडविलें खरें, पण कोणत्या शब्दांत? "मागचें पाडा हवें तर, पण रस्त्याकडची दर्शनी भिंत, कमानी आणि तें घड्याळ एवढें राखा." चहा येण्यापूर्वींच दोघांची तोड निघाली. निवेदन माझ्यापुढें सरकविण्यांत आलें. मीं सही केली नाहीं. तेव्हां सांगावयाचें पुष्कळसें बोलण्याच्या भरांत राहून गेलें, तें येथें सांगतों.

दोन कट्टे प्रतिपक्षी पांच मिनिटांत एकमत झाले म्हणजे बहुधा दोघांनींही मूळ वस्तु पाहिलेली नसते, असा माझा अनुभव आहे. वेधशाळा म्हणजे यंत्रें ठेवावयाची पेटी, असें एकाचें मत. वेधशाळा म्हणजे रस्त्याची शोभा, असें दुसऱ्याचें. वेधशाळा हीच स्वतः एक यंत्र असते, ही गोष्ट दोघांच्याही गांवीं नव्हती. पेटी बदलतां येते, शोभा राखतां येते. परंतु यंत्राचा अर्धा भाग पाडून उरलेला अर्धा जपून ठेवण्याची कल्पना एखाद्या घड्याळजीपुढें मांडून पाहावी, म्हणजे तो काय म्हणेल तें कळेल.

उदाहरण दूरचें घेतों, परंतु त्याचा मुंबईशीं संबंध आहे. तो पुढें येईलच. इंग्लंडांत लिव्हरपूल शहरासमोर, मर्सी नदीच्या मुखापलीकडे, विरल नांवाचें द्वीपकल्प आहे. त्यावर बिड्स्टन नांवाची वालुकाश्माची एक टेकडी आहे. या टेकडीवर १८६६ सालीं एक वेधशाळा उभी राहिली. ती तेथें आली तीच मुळीं जुन्या जागेवरून उठावें लागलें म्हणून. १८४५ पासून ती लिव्हरपूलच्या वॉटर्लू गोदीवर होती. गोद्या वाढूं लागल्या, जागा अपुरी पडूं लागली आणि वेधशाळेला नदी ओलांडावी लागली. गोदी-मंडळाचे एंजिनियर जॉर्ज लायस्टर यांनीं नव्या इमारतीचा दगड त्याच टेकडींतून काढला आणि तिच्या पोटांत, खडकांत, खोल तळघरें कोरून घेतलीं. वर दोन घुमट, खालीं तळघरें. घुमटांतून तारे पाहून वेळ निश्चित करावयाची. आणि जेथें उन्हाळा-हिवाळा फारसा जाणवत नाहीं अशा त्या तळघरांत नाजूक उपकरणें ठेवावयाचीं. बर्कनहेडच्या गोदीवरची एक वाजतांची तोफ या टेकडीवरून विजेच्या तारेनें उडविली जात असे. ती १९६९ सालीं कायमची थांबली.

१९१९ सालीं लिव्हरपूल विद्यापीठांत भरती-ओहोटीच्या अभ्यासाची एक संस्था निघाली होती. तीही १९२९ सालीं या टेकडीवर आली. सूर्य-चंद्रांच्या ओढीचे निरनिराळे घटक कप्प्यांनीं व दांतेरी चाकांनीं एकत्र करून पुढील वर्षांच्या भरत्या वर्तविणारीं अजस्र यंत्रें तेथें होतीं. १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरावयाचें, त्याचें भरतीचें गणित डॉ. आर्थर डूडसन यांनीं या यंत्रांवर केलें. किनारा कोणता, हें त्यांना उघड सांगितलेलें नव्हतें. एकाच बाँबनें दोन्ही यंत्रें जाऊं नयेत म्हणून तीं एकमेकांपासून दूर ठेविलेलीं असत. इंग्लंडांतील लोक या इमारतीची आठवण काढतात ती बहुधा या युद्धकथेमुळें.

माझ्या मतें मात्र तिची खरी थोरवी तळघरांत होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें भूकंपाच्या नोंदीसाठीं एक लंबक बसविण्यांत आला. त्यानें भूकंप तर टिपलेच, पण एक अनपेक्षित गोष्टही दाखविली. आयरिश समुद्रांत भरती चढली म्हणजे त्या पाण्याच्या भारानें टेकडीखालची जमीनच किंचित् कलते, आणि ओहोटीबरोबर पूर्ववत् होते! दिवसांतून दोनदां सबंध टेकडी, तिच्यावरच्या वेधशाळेसकट, समुद्राला जणुं मान लववीत होती. हा कल इतका सूक्ष्म कीं डोळ्यांना तो दिसणें अशक्य. तो मोजावयास खडक हवा, न बदलणारें उष्णतामान हवें आणि वर्षानुवर्षें तीच जागा हवी. लंबक टेंपोंत घालून नेतां येतो. खडक नेतां येत नाहीं.

पुढची हकीकत परवानग्यांच्या भाषेंत सांगतां येते, आणि म्हणूनच ती बोधप्रद आहे. १९७५ सालीं जुन्या वेधशाळेशेजारीं एक नवी इमारत बांधून तिला जोसेफ प्रौडमन या भरतीशास्त्रज्ञाचें नांव दिलें. २००४ सालीं सगळी मंडळी लिव्हरपूल विद्यापीठाच्या आवारांत राहावयास गेली आणि टेकडीवरच्या दोन्ही इमारती मोकळ्या पडल्या. जुनी संरक्षित इमारतींच्या यादींत होती. तिच्यांत चार बिऱ्हाडें करण्यास २०१२ सालीं परवानगी मिळाली. बिऱ्हाडें झालीं नाहींत, परवानगीची मुदत मात्र संपली. १९७५ च्या इमारतीचें राहत्या घरांत रूपांतर करावें म्हणून झालेला यत्न परवानगीअभावीं फसला. आणि २०१३ च्या प्रारंभीं ती इमारत पाडण्यांत आली. तिचें रूप बदलण्यास अनुमति नव्हती, पण ती नाहींशी करण्यास हरकत निघाली नाहीं! एका आवारांतील दोन वास्तूंपैकीं एक उभी आणि एक आडवी. जुनी २०१६ पासून कलावंत व अभ्यासक यांच्या उपयोगीं पडत आहे, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

त्या काँक्रीटच्या इमारतीसाठीं मी अश्रु ढाळीत नाहीं. तिचीं छायाचित्रें पाहिलीं आहेत. ती सुंदर होती असें तिचे मित्रही म्हणणार नाहींत. माझी तक्रार निराळी आहे. या साऱ्या व्यवहारांत प्रश्न कोणते उपस्थित होतात पाहा: येथें माणसें राहूं शकतील काय? दर्शनी भाग तसाच राहील काय? येथें इतकीं वर्षें काय मोजलें जात होतें आणि तें मोजणें ज्या खडकावर उभें होतें त्याचें काय होणार, हा प्रश्न परवानगीच्या छापील कागदांत बसत नाहीं. बिऱ्हाड करणाराच्या हिशेबीं तळघर म्हणजे अडगळीची खोली.

आतां मुंबईचा संबंध. जगांतील बंदरांच्या समुद्रपातळीच्या नोंदी एकत्र करून ठेवणारी एक कायमची कचेरी १९३३ सालीं स्थापन झाली. ती लिव्हरपूलच्या याच मंडळींच्या हातीं आली आणि कित्येक दशकें तिचें बिऱ्हाड बिड्स्टनच्या टेकडीवर होतें. तिच्या दप्तरांत आपल्या अपोलो बंदराची नोंद आहे, ती १८७८ सालापासून! हिंदी महासागराच्या कांठावर इतकी जुनी आणि इतकी लांब नोंद क्वचितच सांपडेल. गेटवेपाशीं भेळ खाणाऱ्या हजारों मुंबईकरांपैकीं किती जणांना ठाऊक आहे, कीं आपल्या समुद्राचें शतकाहून जुनें जमाखर्चाचें पुस्तक येथेंच उघडलें गेलें?

या मोजणीची रीत साधी आहे. बंदरांत एक उभी विहीर असते. तिच्या तळाशीं लहानसें भोंक, म्हणजे लाटांची आदळआपट बाहेर राहते आणि पाण्याची संथ पातळी तेवढी आंत येते. विहिरींत एक तरंगता डबा, डब्याला तार, तारेला लेखणी आणि लेखणीखालीं घड्याळाच्या गतीनें फिरणारा कागद. पण लेखणी जी उंची लिहिते ती कशापासून मोजलेली? नजीकच्या पक्क्या दगडांत केलेल्या एका खुणेपासून. मोजणी करणारे तिला तलचिन्ह म्हणतात. दिसावयास ती इतकी क्षुद्र असते कीं तिच्यावर कोणी कुंडी ठेवली तरी कोणाला पत्ता लागावयाचा नाहीं. तथापि सबंध पुस्तकाचा पाया तीच. मुंबईची समुद्रपातळी या दीर्घ काळांत सरासरीनें वर्षास एक मिलिमीटरच्या मागेपुढें वाढत आली आहे. आतां समजा, पाडकामांत ती खूण उखडली आणि नव्यानें बसवितांना केवळ एका इंचाची चूक झाली. तर समुद्राची पंचवीस वर्षांची वाढ गिळली गेली, अथवा न झालेली पंचवीस वर्षांची वाढ कागदावर जन्मास आली. वरच्या कचेरीच्या दप्तरांत नोंदींचे दोन वर्ग आहेत. ज्या बंदराच्या तलचिन्हाचा इतिहास नीट सांगतां येतो त्याच्या नोंदी एका वर्गांत. ज्याचा सांगतां येत नाहीं त्याच्या दुसऱ्या वर्गांत. आणि या दुसऱ्या वर्गांतील आंकड्यांवरून समुद्र चढतो आहे कीं उतरतो आहे, याचें अनुमान करूं नये अशी सूचना आहे. म्हणजे कुदळीच्या एका घावानें एखाद्या बंदराची शंभर वर्षें पहिल्या वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जाऊं शकतात. दर्शनी कमानी शाबूत राहिल्या तरी!

"मग काय जागा कधींच बदलूं नये?" असें एंजिनियरसाहेब विचारतील. बदलावी, अवश्य बदलावी. पण ती कशी बदलावी याचा धडा घ्यावयास विलायतेस जावयाचें कारण नाहीं.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, कंपनी सरकारनें बांधलेली. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीस आरंभ झाला. १८५९ च्या सप्टेंबरांत, सूर्यावर एक प्रचंड उत्पात झाल्यावर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रांत जें वादळ उठलें त्याच्या नोंदी येथील निरीक्षकांनीं डोळ्यांनीं वाचून हातानें लिहून ठेविल्या. आणि २००३ सालीं, म्हणजे १४४ वर्षांनंतर, त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर अजमावण्यांत आला. लिहिणारांपैकीं कोणालाही आपण कशासाठीं लिहितों आहों याची पुरती कल्पना नसेल. नोंदीचें काम असेंच असतें; तिचा उपयोग करणारा अजून जन्मावयाचा असतो.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें. विजेचा प्रवाह जवळून खेळूं लागला कीं कुलाब्याचे चुंबक बिथरणार. ट्राम थांबविणें शक्य नव्हतें; आणि मला विचाराल तर इष्टही नव्हतें. वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस हे होते. चुंबकीय मोजणीसाठीं अलिबागेस नवी जागा निवडण्यांत आली. इमारतीचा दगड पोरबंदरचा, चुंबकीय दोष नसलेला. लोखंडाला मज्जाव, जेथें धातु अपरिहार्य तेथें तांबें-पितळ. पाहा, येथें भिंत हेंच यंत्र आहे कीं नाहीं! १९०४ सालीं अलिबागेस मोजणी सुरू झाली. परंतु कुलाब्याची तेवढ्यावरून बंद करण्यांत आली नाहीं. १९०६ पर्यंत, सुमारें दोन वर्षें, खाडीच्या अल्याड आणि पल्याड एकाच वेळीं मोजणी चालली. दोन ठिकाणांच्या आंकड्यांत किती अंतर पडतें, तें पक्कें कळलें. आणि मगच कुलाब्याचे चुंबक विश्रांतीस गेले. मुंबईंत विजेची पहिली ट्राम धांवली ती १९०७ च्या मे महिन्यांत. शहराची प्रगति अडली नाहीं आणि नोंदीचा धागाही तुटला नाहीं. अलिबागेस आजही मोजणी चालू आहे, आणि कुलाब्याच्या जुन्या चोपड्यांशीं तिचें नातें जुळतें तें त्या दोन वर्षांच्या गांठीमुळें.

"दोन वर्षें! जागा थोडी इकडची तिकडे झाली तर इतकें काय?" असें म्हणणाराला २६ जुलै २००५ या दिवसाची आठवण द्यावी. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेंत सुमारें ७३. शहर एक, दिवस एक, आकाश एक. फार कशाला, मी पूर्वीं ज्या कॉलेजांत शिकवीत होतों तेथें आवारांत एक पर्जन्यमापक होता आणि त्याची वही पुष्कळ वर्षांची होती. सायकलींसाठीं छप्पर हवें झालें, तेव्हां तो गच्चीवर नेऊन ठेवला. गच्चीवर वारा अधिक. वाऱ्याबरोबर थेंब भांड्याला चुकवून निघून जातात. पुढील सालापासून आमच्या गांवचा पाऊस कमी झाला! एका विद्यार्थ्यानें त्यावर प्रबंध लिहावयास घेतला होता, आणि पर्जन्यमान घटण्याचीं कारणें तो मोठ्या उत्साहानें शोधीत होता. त्याला खरें कारण सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. तो बिचारा ओशाळला. ओशाळावयास पाहिजे होतें आम्हीं.

आपल्याकडील नियमांकडे वळतों. बृहन्मुंबईंत १९९५ सालीं वारसा-वास्तूंचे नियम झाले, ही निःसंशय अभिनंदनीय गोष्ट. त्या नियमांवांचून दक्षिण मुंबईचें काय झालें असतें याची कल्पना करवत नाहीं. त्यांत वास्तूंच्या श्रेणी पाडल्या आहेत. पहिल्या श्रेणीला आंतूनबाहेरून अभय; दुसरीला बाहेरील रूपावर पहारा, आंत गरजेप्रमाणें फेरफारांस वाव; तिसरीला दोन्हीकडून पुष्कळशी मोकळीक. राजवाडा, देऊळ किंवा चित्रपटगृह यांना ही विभागणी एक वेळ शोभेल. परंतु मोजणीच्या इमारतीचा सगळा प्राण आंत असतो: वेधस्तंभाच्या चौथऱ्यांत, तळघरांत, दाराच्या उंबऱ्यापाशीं ठोकलेल्या खुणेंत. बाहेरून पाहारा आणि आंतून मोकळीक, म्हणजे अशा इमारतीच्या बाबतींत तिजोरी रंगवून ठेवावयाची आणि आंतील ऐवज वाटून टाकावयाचा, असें होतें.

तेव्हां परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यानें विचारावयाचे प्रश्न माझ्या मतें थोडेच आहेत, आणि त्यांतील एकही कमानींविषयीं नाहीं. येथें काय मोजलें जाई, केव्हांपासून, आणि कोणत्या खुणेपासून? ती खूण, तो चौथरा, ती विहीर अर्जासोबतच्या नकाशांत दाखविली आहे काय? नव्या जागीं मोजणी सुरू होऊन ती जुन्या जागेच्या मोजणीबरोबर निदान दोन वर्षें चालली आहे काय? चोपड्या कोणाच्या ताब्यांत जाणार? यांचीं उत्तरें येईपर्यंत मागच्या भिंतीलाही कुदळ लागूं नये. उत्तरें समाधानकारक आलीं, तर पुढची भिंतसुद्धां पाडावयास माझी हरकत नाहीं. या वाक्यानें वारसाप्रेमी मंडळी मजवर रुष्ट होतील हें मी जाणतों. मलाही कमानी आवडतात. पण कमानींच्या मोहानें जी तोड निघते तींत पाडणाराचाच फायदा होतो: पुढची भिंत राखल्याबद्दल त्याला शाबासकी मिळते आणि मागें काय गेलें तें कोणी विचारीत नाहीं.

खर्चाचा आक्षेप मला गंभीर वाटत नाहीं. दोन वर्षें दोन ठिकाणीं मोजणी चालविण्यास जास्तीचें एखादें माणूस आणि थोडीशी वीज लागेल. पाडकामाच्या खर्चांत ती रक्कम हरवून जाईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आतां उपग्रह वरून समुद्राची उंची मोजतात, मग बंदरांतील डबा आणि दगडांतील खूण हवी कशाला? उपग्रहांची ही अखंड मोजणी १९९२ सालापासूनची. १८७८ सालीं जाऊन मोजणारा उपग्रह अजून कोणी सोडलेला नाहीं. शिवाय उपग्रहाचें यंत्रही कालांतरानें चुकूं लागतें, आणि तें चुकतें आहे हें ओळखावयाचें कशावरून? किनाऱ्यावरच्या या जुन्या नोंदींशीं ताडून पाहूनच. ज्या शिष्याला गुरूकडून वरचेवर पाढे तपासून घ्यावे लागतात, त्याच्या भरंवशावर गुरूला घराबाहेर काढण्याची घाई कशाला?

यांतलें थोडेंबहुत मीं त्या दिवशीं बोललों. एंजिनियरसाहेबांनीं शांतपणें ऐकून घेतलें. त्यांचा हा गुण मोठा आहे. मग त्यांनीं विचारलें, "पण इतकें थांबणार कोण?" मीं त्यांना ट्रामची तारीख सांगितली. ते हंसले, पण त्यांनीं निवेदनाचा कागद घडी करून खिशांत घातला. वास्तुविशारद अजून नकाशावर ओणवे होते. मीं त्यांना विचारलें, "यांत तलचिन्ह कोठें दाखविलें आहे?" त्यांनीं नकाशा उजेडाकडे फिरविला, पुन्हां जवळ घेतला. कमानी मोजमापांसह होत्या, घड्याळाचा स्वतंत्र तपशील होता, कठड्यावरची वेलबुट्टी कुशलतेनें उतरविलेली होती. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "तें जागेवर जाऊन शोधावें लागेल, सर." रविवारीं आम्ही दोघे जाणार आहों.